पातं थांबलं की उतरायचं

बेळगावजवळ मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीत मारुतीरावांचा कारखाना शोधायचा असेल तर पत्ता विचारून उपयोग नाही. ‘समुद्राचं मशीन कुठं करतात?’ असं विचारावं. चहाच्या गाड्यावरचा माणूस आधी हसतो आणि मग बोट दाखवतो. हसण्यात त्याची काही चूक नाही. बेळगावच्या माणसानं समुद्र पाहिलेला असतो तो गोव्याचा, तोही पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आणि चपला हातात धरून. अशा माणसांनी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर वीज काढणारं तरंगतं यंत्र करायला घ्यावं, हे जरा जास्तच झालं, असं वसाहतीचं पहिल्यापासूनचं मत होतं.

मारुतीरावांना ते मान्य नव्हतं. उभी हयात त्यांनी पंपाची इम्पेलरं ओतण्यात घालवली होती. ते म्हणत, "आमी पाणी ढकलणारं पातं करत आलोय. आता पाण्यानं ढकलायचं पातं करायचं. येवढाच फरक हाय." फरक एवढाच नव्हता, पण मारुतीरावांना एकदा उत्साह चढला की त्यांच्यापुढं कुणाचं काही चालत नसे.

यंत्राचं डोकं होतं दीपंकरचं. दीपंकर निपाणीचा. त्याची आजी तानीबाई तंबाखूच्या वखारीत राबली, बाप भीमाप्पानं त्याच वखारीत पोती उचलली, आणि संध्याकाळची वंदना झाली की पोरानं अभ्यासालाच बसायचं, हा घरचा कायदा दोघांनी मिळून चालवला. पोरगं इंजिनियर झालं, पुण्यात चांगल्या नोकरीला लागलं आणि एक दिवस ती सोडून हे तरंगतं चक्र डोक्यात घेऊन परत आलं. भीमाप्पा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. मग एके दिवशी म्हणाला, "पाण्यावर वीज काढणार म्हणतोस, तर वेदगंगेवर काढून दाव आधी."

आणि दीपंकरनं खरोखर ती वेदगंगेवरच काढून दाखवली. निपाणीपासून जवळच नदीवर एक बंधारा आहे, कोल्हापूर पद्धतीचा. दगडी खांब आणि खांबांच्या मधल्या गाळ्यांत सरकवायचे लाकडी बरगे. बरगे काढले की गाळ्यातून पाणी असं सुटतं की म्हशीचे पाय सुटावेत. त्या गाळ्याच्या खाली यंत्राचं धाकटं भावंड दोन्ही काठांना दोर बांधून सोडलं होतं. वर दोन लांबोडे पोकळ तराफे, त्यांच्या मधोमध पाण्यात बुडालेली तीन पाती. पाणी सुटलं की पाती फिरत, आणि काठावरच्या बाभळीला टांगलेला दिवा लागे. पहिल्यांदा लागला तेव्हा बघायला आलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दोन वर्षं त्या बंधाऱ्यावर गेली. सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे केंदाळ. नदीत वाहून येणारं ते हिरवं जंजाळ पात्यांना गुंडाळून बसे आणि मग यंत्र कण्हू लागे. त्यावर एक रीत ठरून गेली होती. गाळ्यात बरगे टाकायचे, पाणी अडलं की पाती थांबायची, मग आदर्शनं पाण्यात उतरून पातं हातानं उलटं फिरवत केंदाळ सोडवायचं. काठावर ब्रेकची दोरी धरून आदर्शचा बाप शामू बसलेला असायचाच. आदर्श डिप्लोमा करून नुकता कामाला लागला होता. शामू त्याच कारखान्यात ओतकामाचे साचे रेतीनं भरायचा. नंदगडाकडची शेती पाठच्या भावाच्या हवाली करून तो मच्छ्यात आला होता, आणि पोराला आपल्याच कारखान्यात पगार मिळतो याचं त्याला कोण अप्रूप.

बंधाऱ्यावर एक गोष्ट सगळ्यांनी अनुभवानं शिकून घेतली. पाणी कधी सुटणार आणि कधी बंद होणार याची वेळ वरून कळायची, पण ती कधी खरी ठरायची नाही. धरण एका राज्यात, बंधारा दुसऱ्या राज्यात. इकडचा माणूस कन्नडमध्ये अकरा सांगायचा, तिकडचा मराठीत दोन सांगायचा आणि पाणी यायचं ते आपल्या मर्जीनं. म्हणून वेळेच्या कागदाकडं कुणी बघेनासं झालं. सगळे पात्याकडं बघत. पातं फिरतंय म्हणजे पाणी आहे, पातं थांबलं म्हणजे पाणी थांबलं. आदर्श त्याला कारखान्याचा कायदा म्हणायचा. पातं थांबलं की उतरायचं.

दीपंकरला हे फार आवडायचं. पुण्यातल्या ऑफिसात माणसं कागद बघून निर्णय घेत, इथं माणसं पाणी बघून घेतात, असं तो कौतुकानं सांगत सुटायचा.

मग मोठं यंत्र झालं. ते चार ट्रकांवर सुटं चढलं, कच्छच्या आखातात एका खाडीच्या तोंडाशी पुन्हा जोडलं गेलं, आणि एकाच जाड साखळीनं समुद्राच्या तळाशी बांधलं गेलं. इथं दोन काठ नव्हते. पाणी कधी आत धावायचं, कधी बाहेर. ज्या दिशेला पाणी जाईल त्या दिशेला यंत्र साखळीभोवती गर्रकन वळून उभं राहायचं, गोठ्यातलं जनावर दाव्याभोवती फिरतं तसं. वीज अजून किनाऱ्याला नेली नव्हती. तयार होईल तेवढी यंत्रावरच्याच हीटरमध्ये जाळायची आणि आकडे मोबाईलच्या सिमवरून मच्छ्याला पाठवायचे, अशी चाचणी चालू होती. यंत्रावरची माणसं आदर्श आणि एक मदतनीस, त्यांना ने-आण करायला जुसबभाई नावाचा तिथलाच एक बोटवाला. आणि मच्छ्यात काचेच्या केबिनमध्ये, पडद्यासमोर, दीपंकर.

मारुतीरावांनी हौसेनं साच्यांच्या शेडमध्येही एक मोठा टीव्ही लावून घेतला होता. त्यावर एकच आकडा दिसायचा. पाती मिनिटाला किती फेरे घेतात तो. माणसं काळ्या रेतीनं भरलेल्या हातांनी काम करता करता मान वर करून बघत. आकडा आठच्या वर गेला की कुणीतरी शीळ घालायचं. कारखान्यात क्रिकेटचा स्कोअर विचारायचा बंद झाला होता.

पडद्यावर आणखीही एक गोष्ट होती, तिच्याकडं मात्र कुणी बघत नसे. यंत्र कुठं आहे ते दाखवणारा नकाशा. त्यावर एक वर्तुळ, वर्तुळात एक ठिपका. ठिपका वर्तुळाबाहेर गेला की भोंगा वाजायचा. पण पाणी उलटलं की यंत्र वळायचं, वळलं की ठिपका बाहेर पडायचा, आणि दिवसातून चारदा भोंगा बोंबलायचा. शेडमधली माणसं त्याला सासूबाई म्हणायला लागली. दीपंकरनं एक दिवस वैतागून त्याचा आवाज बंद केला. वर्तुळ नीट मोठं करायचं, मग आवाज परत चालू करायचा, असं त्याच्या मनात होतं. मनातच राहिलं. बंधाऱ्यावरच्या दोन वर्षांत यंत्र कुठं आहे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. दोन्ही काठांना बांधलेलं, ते जाणार कुठं?

थंडीचे दिवस होते. तीन दिवसांपासून आकडा सहाच्या वर जात नव्हता. कुणा मच्छीमाराचं तुटकं जाळं वाहत येऊन पात्यांना गुंडाळलं होतं. कॅमेऱ्याच्या काचेवर मिठाचा थर बसलेला, त्यामुळं डोळ्यांनी काही दिसत नव्हतं, पण आकडाच सांगत होता. पाणी थांबेल तेवढ्या थोड्या वेळात आदर्शनं उतरून ते सोडवायचं ठरलं. मदतनीस तापानं पडला होता. "मी येकटा करतो की अण्णा," आदर्श म्हणाला, "केंदाळ काढल्यालं पोरगं हाय मी." दीपंकरनं हो म्हटलं.

त्या सकाळी आखातावर धुकं दाटलं होतं. जुसबभाईनं आदर्शला यंत्रावर सोडलं आणि बोट जरा लांब नेऊन नांगर टाकला, कारण जाळ्याचा दोर बोटीच्या पंख्यात अडकायची भीती होती. आता आदर्श यंत्रावर, बोट धुक्यात कुठंतरी, आणि दोघांमध्ये दिसेल असं काही नाही. पाणी अजून जोरात समुद्राकडं धावत होतं. ते थांबायला अवकाश होता. आदर्शनं डबा उघडून नाश्ता केला. फोनवर दीपंकरला म्हणाला, "आईनं चटणी दिल्ती, ती संपली. आता गावाला आल्याबिगर भागत न्हाय."

"ये की. हे जाळं निघालं की चार दिवस जाऊन ये."

"आमच्या आप्पांस्नी सांगू नका आधी. न्हाईतर ते कारखान्यात पेढे वाटत सुटतील."

पडद्यावर आकडा सहावरून पाचवर आला. मग चार. मग भराभर खाली उतरत शून्यावर आला आणि तिथंच राहिला. फोन वाजला.

"अण्णा, थांबलं बगा. तिकडं काय दावतंय?"

"शून्य."

"मग उतरू?"

दीपंकरनं भिंतीवरच्या तक्त्याकडं पाहिलं. त्यात पाणी थांबायची वेळ छापलेली होती, आणि त्या वेळेला अजून चाळीस मिनिटं होती. त्यानं तसं सांगितलं. पलीकडून आदर्श हसला.

"धरणावरची वेळ इसरलासा काय? मी हितं डोळ्यानं बगतोय न्हवं. पाणी कडंला अगदी गप हाय. एक बुडबुडा हालंना."

दीपंकरच्या मनात काहीतरी टोचलं. टोचलं म्हणजे नेमकं काय, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. तक्ता एवढा चुकत नाही, एवढंच. पण समोर शून्य होतं, आणि यंत्रावर उभा असलेला माणूस सांगत होता की पाणी गप आहे. थांबायला सांगावं, तर नेमकं थांबलेलं पाणी हातचं जायचं आणि पुन्हा उद्यावर ढकललं जायचं. आणि ती जुनी सवय. पातं थांबलं की.

"उतर," तो म्हणाला. "पट्टा बांध आदी."

"बांदलाय. फोन हितल्या केबिनच्या खुंटीला लावतो."

फोन बंद झाला. सगळं नीट चाललंय असं दीपंकरला खरंच वाटलं. पाणी थांबलंच आहे तर बोट जवळ असलेली बरी, म्हणून त्यानं जुसबभाईला फोन लावला.

"जुसबभाई, पानी रुक गया. बोट थोडा नजदीक लेके रखो."

"रुक गया?" जुसबभाईला वाटलं साहेब थट्टा करतोय. "कौन बोला? मेरे लंगर का रस्सा तो लोहे जैसा तना है साहब. पानी तो पूरे जोर में भाग रहा है."

दीपंकरनं फोन कानावरून खाली घेतला. मग त्यानं नकाशा उघडला.

ठिपका वर्तुळात नव्हता. वर्तुळाच्या आसपासही नव्हता. तो समुद्राच्या बाजूला कितीतरी पुढं गेला होता, आणि बघता बघता आणखी सरकला.

साखळी तुटली होती. यंत्र पाण्याबरोबर चाललं होतं, पाण्याच्याच वेगानं. पात्यांवरून पाणी धावत नव्हतं, कारण पाती स्वतःच पाण्याबरोबर धावत होती. म्हणून शून्य. म्हणून कडेचा बुडबुडा हलत नव्हता. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्याला पाणी थांबलंय असंच वाटतं. नदीच्या काठाला बांधलेल्या यंत्राला हे कधी कळलं नसतं, आणि नदीच्या माणसांनाही कळलं नव्हतं. धुकं नसतं तर आदर्शला किनारा सरकताना दिसला असता. धुकं होतं.

दीपंकरनं आदर्शला फोन लावला. रिंग गेली. वाजून वाजून बंद झाली. परत लावला.

नुसतं वाहत जाणं हे मोठं संकट नव्हतं. तराफे बुडणारे नव्हते, आदर्शच्या अंगावर जाकीट होतं, बोट कधी ना कधी त्याला शोधून काढणार होती. संकट वेगळं होतं, आणि ते दीपंकरला लख्ख दिसत होतं. तुटलेल्या साखळीचा लांबच लांब तुकडा यंत्राखाली लोंबत तळावरून फरफटत चालला असणार. तो कुठंतरी अडकला की यंत्र जागच्या जागी उभं राहील. यंत्र उभं राहिलं की ओहोटीचं सगळं पाणी पात्यांवर येईल. आणि पात्यांत त्या वेळी आदर्शचे हात असतील, खांद्यापर्यंत.

ब्रेक होता. तो यंत्रावर होता, हातानं ओढायचा. मच्छ्यातून ओढायची सोय केली नव्हती, कारण बंधाऱ्यावर कधी लागली नव्हती. तिथं काठावर शामू असायचा. पाती अडवायला खीळही होती, पण खीळ घातली तर पातं फिरत नाही, आणि पातं हातानं फिरवल्याशिवाय जाळं उलगडत नाही. आदर्शनं ती घातली नसणार हे दीपंकरला पक्कं माहीत होतं. त्यानंच त्याला तसं शिकवलं होतं.

त्यानं जुसबभाईला परत गाठलं. हिंदी सुचेना. कसंबसं सांगितलं की साखळी तुटली, आदमी अंदर है, ढूंढो, हॉर्न बजाव, चिल्लाव. जुसबभाई भला माणूस. नांगर ओढता ओढताच तो धीर देत होता.

"आप टेन्शन मत लो साहब. आगे खडक है. जंजीर उधर जरूर अटकेगी. अटकी तो समझो मिल गया."

"कितना आगे?"

"बस, थोडा ही है. ऊपरवाला अटका दे बस."

दीपंकरनं हातातला फोन टेबलावर ठेवला आणि पडद्याकडं पाहिलं. शून्य. तीन वर्षं या आकड्यानं त्याची झोप खाल्ली होती. तो एकानं वाढावा म्हणून त्यानं काय काय केलं होतं, आणि शून्य दिसलं की तो हातातलं ताट टाकून केबिनकडं धावायचा. आज तो टेबलाची कड धरून त्याच शून्याला विनवत होता. राहा. एवढं पोरगं वर येईपर्यंत राहा. तो देवाला मानणाऱ्या घरातला नव्हता, त्यामुळं विनवायला समोर तो आकडाच होता.

एक गोष्ट त्याच्या हातात होती, ती त्यानं केली. हीटरवरचा भार वाढवत वाढवत टोकाला नेला. त्यानं पाती जड होतील, जरा सावकाश सुटतील. थांबणार नाहीत, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं बटण दोनदा दाबलं.

मारुतीराव शेजारच्या खोलीत होते. त्यांना सांगितलं तर ते आधी खुर्चीत बसले, मग उठले, मग बंदरावर फोन लावून ओरडायला लागले. पलीकडचा माणूस शांतपणे सांगत होता की धुकं उठल्याशिवाय काही निघू शकत नाही. मारुतीराव त्याला बेळगाव कुठं आहे ते समजावत राहिले. त्याचा काय उपयोग होता कोण जाणे.

दीपंकर पुन्हा पुन्हा आदर्शचा नंबर लावत होता. रिंग जात होती, म्हणजे यंत्र अजून मोबाईलच्या टप्प्यात होतं. खुंटीला लटकलेला तो फोन केकाटत असेल आणि दहा हातांवर, यंत्राच्या दुसऱ्या टोकाला, छातीपर्यंत पाण्यात, कानटोपी घालून आदर्श जाळं उलगडत असेल. गाणं म्हणत असेल. कामात त्याला गाणं म्हणायची खोड होती.

केबिनचं दार ढकलून शामू आत आला. चहाची सुट्टी झाली होती. कोपरापर्यंत काळी रेती, डोक्याला टॉवेल, हातात दोन कप. एक कप त्यानं दीपंकरसमोर ठेवला. पोरगं यंत्रावर असलं की तो रोज असा यायचा, आणि रोज एकच विचारायचा.

"काय म्हणतंय पोरगं?"

दीपंकरनं त्याच्याकडं पाहिलं. सांगायला हवं होतं. या माणसाला सांगण्याचा हक्क त्याला होता की नाही हे माहीत नाही, पण ऐकण्याचा हक्क शामूला नक्कीच होता. सांगून तरी हा काय करणार? पडद्यासमोर उभा राहून तोही तेच बघणार, जे दीपंकर बघत होता. पोराच्या जिवाचं शून्य.

"ठीक हाय," दीपंकर म्हणाला. "बोटीवर हाय. च्या पितोय."

"जाळं?"

"काढायचं हाय अजून. पाणी थांबलं की."

बोलून गेला आणि त्याला स्वतःची शिसारी आली. शामूनं मान डोलावली. पडद्याकडं बघून तोंड वाकडं केलं.

"आज तर शून्यच व्हय? तीन दिस झालं सर, शेडातली पोरं मला चिडवाय लागल्यात. म्हणत्यात, आप्पा, तुमच्या पोराचं मशीन झोपलंय."

"फिरंल," दीपंकर म्हणाला. तोंडून शब्द गेला तशी त्यानं जीभ चावली.

"फिरंल तर काय! म्या सोता साचा भरलाय त्याचा." शामूनं चहाचा घोट घेतला. "काल फोन आल्ता त्येचा. आईला म्हणला, चटणी संपली. मी म्हणलं, तुझ्या साह्यबाला सांग, सोडतील चार दिवस. सोडशीला न्हवं?"

"व्हय आप्पा."

"कवा?"

फोन कानाला लावलेलाच होता. रिंग जात होती. "हे झालं की," दीपंकर म्हणाला.

बाहेर शेडमध्ये सुट्टीपुरती यंत्रं बंद केली होती, माणसं टीव्हीखाली बसून चहा पीत होती. काचेतून त्यांचे चेहरे दिसत होते. नकाशावरचा ठिपका सरकत होता. सरकतोय तोवर बरं आहे, दीपंकर स्वतःला सांगत होता. सरकू दे. पार समुद्रात जाऊ दे. यंत्र जाऊ दे, मारुतीरावांचा कारखाना त्याच्याबरोबर जाऊ दे, फक्त कुठं अडकू नको. तिकडं धुक्यात जुसबभाई हॉर्न वाजवत, ते अडकावं म्हणून प्रार्थना करत असेल.

रिंग थांबली.

क्षणभर दीपंकरला वाटलं, उचलला. "आदर्श!" तो ओरडला. "आदर्श, बाहेर ये! हात काढ!" कुणी उचलला नव्हता. वाजून वाजून बंद झाला होता, आधी बारा वेळा झाला होता तसाच. त्यानं परत लावला.

शामूनं कप खाली ठेवला. "कुणावर वरडताय सर?"

दीपंकर नकाशाकडं बघत होता. ठिपका थांबला होता.

त्याला वाटलं नकाशा अडकला असेल, कधी कधी अडकायचा. त्यानं डोळे मिटून घेतले. असं डोळे मिटणं पोरकटपणाचं होतं, हे त्याला कळत होतं, तरी उघडवेनात. शेडमधून कुणीतरी शीळ घातली, तेव्हा उघडले.

एक. मग तीन. मग आकडा अडखळला, दोनवर आला, पुन्हा एक झाला. तिथं जरा वेळ घुटमळला. दीपंकर उभा राहिला होता, दोन्ही हात पडद्याकडं पुढं केलेले, पातं धरून ठेवावं तसे. मग आकडा सुटला. चार, सहा, नऊ. पाणी पूर्ण जोरात होतं आणि पाती मोकळी झाली होती. अकरा. एवढा आकडा आजवर कधी आला नव्हता.

शेडमधली माणसं उठून उभी राहिली. कुणी पत्र्यावर हातोडा बडवला, कुणी कन्नडमध्ये ओरडलं, कुणी शामूच्या नावानं हाक मारली. काचेपलीकडून माणसं शामूकडं हात करून हसत होती.

शामूला आधी पडद्यावर विश्वास बसेना. त्यानं टॉवेल काढून डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. तोंडावरची सगळी काळी रेती हसली.

"फिरलं! अवं सर, फिरलं की! जाळं निघालं!" त्यानं रेतीनं भरलेल्या हातानं दीपंकरचा दंड गच्च धरला. "माझ्या पोरानं काढलं! बारा झालं, बगा, बारा!"

दीपंकरच्या कानाला लावलेल्या फोनमध्ये रिंग चालूच होती. ती बाहेरही ऐकू येत असावी, कारण शामूनं फोनकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा आणखी उजळला.

"त्यालाच लावलाय व्हय? उचलला का?" तो म्हणाला. "द्या हिकडं. मी सांगतो त्याला, फिरलं म्हणून."

आणि त्यानं फोन दीपंकरच्या हातातून काढून आपल्या कानाला लावला.